घाईचं बटण

छत्रीच्या टोकाखाली साठलेला ओला डाग दाराच्या बाजूने आधी वाळत होता. भिंतीकडची त्याची कड अजून गडद होती, जरा फुगलेली. दाराकडची कड मात्र आत सरकली होती आणि सरकताना फरशीवर धुळीची एक फिकट रेघ मागे ठेवून गेली होती. दाराखाली फट असेल आणि तिच्यातून वारा येत असेल, तर असंच व्हायला हवं. सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे चोळले, चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली.

डाग खरा नव्हता. सुनेने केलेल्या खेळातला होता. छत्रीही खेळातली, फरशीही, आणि दाराबाहेर कोसळणारा पाऊसही.

खेळ तसा सांगायला सोपा. एक जुनं तिमजली घर, खोल्याखोल्यांतून भाडेकरू, आणि एका पावसाळी संध्याकाळी त्यातल्या एकाचं व्हायोलिन चोरीला गेलेलं. खेळणारा म्हणजे गुप्तहेर. त्याने जिने चढायचे-उतरायचे, माणसांना बोलतं करायचं, वस्तू निरखायच्या आणि शेवटी चोराचं नाव घ्यायचं. मारामारी नाही, पाठलाग नाही. गंमत एवढीच, की त्या घरातलं घड्याळ आपल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या चालीने चालायचं. स्वयंपाकिणीने चहाचं आधण ठेवलं की ते उकळायला खऱ्या आधणाइतकाच वेळ लागायचा.

दोन वर्षांपूर्वी सून आणि तिचा भागीदार, जो खेळातली चित्रं करायचा, यांनी त्याचा एक छोटा तुकडा लोकांना दाखवला होता. मेणबत्ती जळत जाते आणि टेबलावरच्या वस्तूंच्या सावल्या हळूहळू लांबत जातात, बस, एवढंच. तेवढ्यावर लोक खुळावले. असा तपास आजवर कुणी करू दिला नव्हता, असं जो तो लिहू लागला. सून तेव्हा घरभर नाचली होती. आता तीच अपेक्षा तिच्या मानगुटीवर बसली होती. कारण पुरा झालेला खेळ ज्यांना ज्यांना खेळून बघायला दिला, त्या सगळ्यांचं म्हणणं एकच: सुंदर आहे, पण जे ऐकलं होतं तेवढा नाही, फार रेंगाळतो. एकाने तर लिहिलं होतं, "आधण उकळेपर्यंत माझं डोकं उकळलं."

खेळ बाजारात आणणारा वितरक त्यावर म्हणाला, बटण द्या. मग पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं बटण आलं. ते दाबलं की घर एकदम पुढच्या प्रसंगात जायचं. चित्रकाराने त्याचं नाव ठेवलं घाईचं बटण. चाचणीपुरतं म्हणून आलेलं ते बटण कोपऱ्यात ठाण मांडून बसलं. ठेवायचं की काढायचं, हे सुनेने ठरवायचं होतं, आणि सून 'बघू' म्हणत होती. वितरकाने विचारलं की बघू, चित्रकाराने विचारलं की बघू.

"पडद्यांचं कापड घ्यायला हिच्याबरोबर गेलो होतो," मुलगा सांगायचा, "दुकानदाराचे केस माझ्यासमोर पिकले."

त्या दिवशी सकाळी मात्र सून सासूबाईंच्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती.

"आई, तुम्ही खेळून बघाल?"

"मी? अगं, मला फोनवर चित्र मोठं करता येत नाही."

"शिकवते. दोनच बोटं लागतात."

"घरात एवढी माणसं आहेत."

"घरातली सगळी माझी बाजू घेणार. तुम्ही नाही घेणार." सून हसली, पण तिचे डोळे हसत नव्हते. "दुपारी वितरकाचा फोन येणार आहे. आज सांगितलं नाही तर बटण राहिलं असंच तो धरणार. मला खरं सांगा. रटाळ असेल तर रटाळ म्हणा."

सासूबाईंना हे काम जड गेलं. उगाच कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. सारी नोकरी हवामान वेधशाळेत गेलेली. तिथे मोकळ्या मैदानात पाण्याने भरलेलं एक रुंद, उथळ पात्र असायचं; त्यातलं पाणी किती उडून गेलं ते रोज मोजायचं, आणि जे दिसलं तेच लिहायचं. जे दिसावंसं वाटतं ते नाही. नातेवाइकांत या कामाची थट्टा ठरलेली होती. "वहिनी काय, पाण्याकडे बघत बसायचा पगार घेतात!" असं दीर प्रत्येक लग्नात म्हणायचे आणि लोक प्रत्येक लग्नात हसायचे. सासूबाईही हसायच्या. पात्राभोवतीच्या वाऱ्याबद्दल, दमट दिवसांबद्दल, पक्षी पाणी पिऊन जातात म्हणून वर लावलेल्या जाळीबद्दल कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

आता खेळायला बसल्यावर पहिला बराच वेळ त्या खरोखरच कंटाळल्या. संगीत त्यांना रडकं वाटलं. पहिल्या मजल्यावरचा डॉक्टर बोलघेवडा होता; त्याच्या रोग्यांच्या गोष्टी संपता संपेनात. स्वयंपाकीण आधणापाशी उभी होती आणि आधण उकळत नव्हतं. कोपऱ्यातलं बटण त्यांना दिसत होतं. दोनदा बोट तिकडे गेलंसुद्धा. पण वेधशाळेत घाईचं बटण नव्हतं, आणि थांबायची सवय सुटण्यातली नव्हती. मनातल्या मनात त्या वाक्य जुळवू लागल्या. मेहनत दिसते, पण. चित्रं छान आहेत, पण. त्या 'पण'च्या पुढे काय म्हणायचं, ते काही त्यांना सुचेना. बाजूच्या खोलीत सून चित्रकाराबरोबर काम करत होती. तिच्या कळफलकाचा आवाज मधूनच थांबायचा, आणि ती कानोसा घेतेय हे सासूबाईंना भिंतीपलीकडून कळायचं.

मग दुसऱ्या मजल्यावरची पियानो शिकवणारी बाई भेटली. केस पुसत होती. "मी आत्ता या क्षणी येतेय," ती म्हणाली. "खाली बघा, छत्री अजून निथळतेय माझी."

सासूबाई खाली गेल्या. छत्री भिंतीला टेकवलेली होती. निथळत नव्हती. त्या थांबल्या. दुसरं कुणी असतं तर एक नजर टाकून पुढे गेलं असतं, त्या थांबल्या. टोकावर थेंब धरेना. मग त्यांना तो डाग दिसला, आणि त्याची दाराकडची आत सरकलेली कड.

पाणी येत असतं तोवर डाग पसरतो. येणं थांबलं की तो वाळायला लागतो, आणि बाहेर पाऊस असताना, हवा इतकी दमट असताना, फार सावकाश वाळतो. एवढी कड सरकायला बराच वेळ गेला असणार. म्हणजे ही बाई आत्ता आलेली नाही. ही कधीची घरात आहे.

"सापडलीस!" सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. आपण पडद्याशी बोललो हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पाठ ताठ झाली होती. कंटाळा कुठच्या कुठे पळाला होता.

त्यांनी चोर म्हणून पियानोवालीचं नाव घेतलं.

पडद्यावर डॉक्टरच्या कपाटाचं दार उघडलं. आत व्हायोलिन होतं. खाली अक्षरं उमटली: तुमचा तर्क चुकला.

"असं कसं?" सासूबाई उठल्याच.

त्यांचा आवाज ऐकून सून आली आणि तिच्यामागे हातात पेला घेऊन चित्रकार. तो उंच, वाकलेला, नेहमी हसण्याच्या बेतात असलेला. "काकू, सगळे जण डॉक्टरला पकडतात हो! तुम्ही बिचाऱ्या पियानोवालीच्या मागे का लागलात?"

"बिचारी? ती खोटं बोलते." सासूबाईंनी खेळ पुन्हा छत्रीपाशी नेला.

"ती नाही बोलत. तिला मी ओळखतो, तिचं नाक मी काढलंय."

"नाक काढलंस म्हणून जीभ तुझी झाली का रे? आत्ता आले म्हणते. छत्री बघ. थेंब नाही, डाग आक्रसलाय, दाराकडून जास्त. कधीचीच आलेली आहे ती."

चित्रकार हसायला लागला, पण सून हसली नाही. ती खाली वाकून डागाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता.

"आई, हा डाग आम्ही पुरावा म्हणून ठेवलेलाच नाही."

"मग कशाला ठेवलाय?"

"ठेवला नाही. पडलाय. छत्री ओली असली की पाणी गळतं आणि नंतर वाळतं, एवढाच नियम मी लिहिला. पुढचं सगळं ते घर आपलं आपण करतं." तिने खुर्ची ओढली आणि खेळाच्या पोटात शिरली. घरातलं कोण कधी कुठे जातं याचं वेळापत्रक पडद्याच्या एका बाजूला आलं. ती ते बराच वेळ खाली सरकवत गेली आणि एका ओळीशी थांबली. "हिची घरात शिरायची वेळ अलीकडे आणलीये. कुणी आणली?"

चित्रकाराने पेला खाली ठेवला. "मी. बटण आल्यावर ते जिन्याचं झालं होतं ना! ती वर जायची आणि स्वयंपाकीण खाली यायची, आणि दोघी एकमेकींना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत खेळ संपेपर्यंत जिन्यातच उभ्या. म्हणून हिला आधीच घरात आणून बसवली."

"आणि तिचं वाक्य?"

"वाक्य..." तो थांबला. "वाक्य राहिलं."

मग सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी चुकले नव्हते."

"नाही," सून म्हणाली. "आम्ही चुकलो होतो. ती आधीच आली होती आणि आत्ता आले म्हणत होती. आम्ही तिच्या तोंडी खोटं घातलं, आम्हाला पत्ता नाही, आणि घराने ते पकडलं."

"इतक्या लोकांनी खेळून पाहिलं," चित्रकार म्हणाला, "एकालाही कसं दिसलं नाही?"

"कारण बटण आल्यापासून सगळ्यांनी ते दाबलं." सून कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "बटण दाबलं की मधला वेळ घडतच नाही. घर उडी मारतं, आणि छत्रीखाली तू काढून ठेवलेला तयार ताजा डाग येऊन बसतो. छान, गोल. त्या डागाचा आणि तिच्या वाक्याचा अगदी मेळ बसतो."

सासूबाई पुन्हा डागाकडे बघत होत्या. तो आता बोटभर उरला होता, भिंतीला चिकटून. एक जुनी गोष्ट त्यांना आठवली. सून लग्नानंतर नवीनच होती, तेव्हा जेवताना तिने विचारलं होतं: आई, पाणी नेमकं कशावर वाळतं हो? गरमीवर? सासूबाईंनी तिला सांगितलं होतं की गरमीवर, वाऱ्यावर, आणि हवेत आधीच किती ओल आहे त्यावर. आणि तिन्ही एकदम बघावी लागतात, एक बघून चालत नाही. सांगता सांगता आमटी गार झाली होती. नवी सून आहे, सासूचं मन राखायला विचारतेय, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

"ते पाणी वाळण्याचं मी सांगितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या, "ते तू यात घातलंस?"

"तुम्ही सांगितलं तसंच्या तसं. दाराखालची फट नंतर घातली. वारा कुठूनतरी यायला हवा होता."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. लग्नातला सगळा मांडव हसला होता त्या कामावर, आणि तेच काम या खेळात येऊन एका छत्रीखाली इमानाने वाळत बसलं होतं. तेही चुकलं नव्हतं. एका रेघेनेसुद्धा चुकलं नव्हतं.

"तू मला खरं सांगायला सांगितलंस," त्या म्हणाल्या. "तर ऐक. सुरुवातीला मी कंटाळले. तुझा डॉक्टर फार बोलतो, त्याचं तोंड जरा आवर. आणि ते संगीत कुणी मेल्यासारखं आहे."

"ते माझं आहे, काकू," चित्रकार म्हणाला.

"मग तू बदल. पण लोकांनी जे ऐकलं होतं, त्याला हा खेळ उतरतो का विचारशील, तर त्यांनी ऐकलं होतं मेणबत्तीचं. त्यांना वाटलं, सगळं छान दिसेल. हे छान दिसण्याच्या पुढचं आहे. सारा जन्म मी पाण्याकडे बघण्यात घालवला, पण पाण्याने कुणाचं खोटं पकडून दिलं नव्हतं. तुझ्या पाण्याने तुलाच पकडलं." त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "दिरांना दाखवणार आहे मी हे. बसवून दाखवणार."

सून गालात हसली. मग चित्रकार म्हणाला, "वाक्य बदलतो मी. 'दुपारीच आले' करतो, मिटलं."

"नको," सून म्हणाली. "खोटंच बोलू दे तिला. का बोलते ते आपण शोधू. डॉक्टरला ती पाठीशी घालत असेल. थांबेल त्याला ते कळेल."

"आणि जो थांबणार नाही?"

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. वितरकाचं नाव दिसत होतं. सुनेने नेहमीसारखा तो दोनदा वाजू दिला, मग उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"हं, काय मग?" वितरकाचा आवाज आला. "की अजून बघूच? तुमच्या 'बघू'वर मी एक वेगळा खेळ काढावा म्हणतो."

सुनेने पडद्याकडे पाहिलं. डाग गेला होता. फरशीवर फक्त ती धुळीची रेघ उरली होती, कुठून कुठवर पाणी होतं ते सांगणारी. मग तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. निरीक्षकाने आकडा सुचवायचा नसतो.

"बघून झालं," सून म्हणाली. "घाईचं बटण राहणार नाही. मी ते काढतेय."