सहा पात्यांचा पंखा

उत्तमरावांनी मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमधल्या एका साहेबाकडून लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी विलायती मोटार घेतली, तेव्हा त्यांच्या पत्नी कोकिळाबाईंनाही ती आवडली होती. पण त्याच वर्षी त्या नव्या जिल्हा परिषदेवर निवडून आल्या, आणि सभेला बुलढाण्याला जायचं म्हणजे राजूर घाट चढणं आलं. अर्ध्या घाटात मोटार उकळायची. वाफ फुसफुसायची, मागून येस्टी यायची आणि खिडकीतून कुणीतरी ओरडायचंच, "चहा झाला का हो पाटील?"

दोनदा उशीर झाला. दुसऱ्या खेपेला तर कोकिळाबाईंनी मांडलेला मुलींच्या शाळेचा विषय त्या पोचण्याआधीच पुढं ढकलला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, मोटार कडूबाकडे न्या. नाही तर मी आपली येस्टीनं जाते."

कडूबा जिनिंगची इंजिनं दुरुस्त करायचा. त्यानं बॉनेट उघडलं आणि हसलाच.

"भाऊसाहेब, पंख्याले दोनच पाती! थंड मुलखात भागत असंन. इथं उन्हाळ्यात घाट चढाचा म्हंजे सहा तरी पायजेत."

"मंग बसव ना बे!"

तीन दिवस कडूबा पत्रा कापत होता. जिनिंगच्या इंजिनाचा पंखा समोर ठेवून त्यानं सहा पाती तशीच तिरपी वळवली, रिबिटा ठोकून बसवली, जड भरलेली कानशीनं घासून सारखी केली. इंजिन सुरू झालं तेव्हा असा घोंगाट उठला की उत्तमरावांची छाती फुगली. ते गावाबाहेर चक्कर मारायला गेले, आणि सपाट रस्त्यावरच मोटार उकळली.

कडूबा डोक्याला हात लावून बसला. काय झालं ते बघायला आलेल्या कोकिळाबाईंनी जिनिंगच्या आवारात पडलेला चिमूटभर कापूस उचलला, इंजिन सुरू ठेवायला सांगितलं आणि तो मोटारीच्या जाळीसमोर धरला. कापूस उडाला तो थेट त्यांच्या नाकावर!

"कडूबा, तुझा पंखा वारा बाहेर फेकून राह्यला रे!"

"हात्तेरी!" कडूबा उठलाच. "जिनिंगचा पंखा बाहेरच फेकते. म्या त्याचीच नक्कल केली. याले तर वारा आत ओढाले पायजे!"

त्यानं भट्टी पेटवली आणि एकेक पातं तापवून उलट्या अंगाला पिळलं. संध्याकाळी पुन्हा कापूस धरला. या वेळी तो जाळीला घट्ट चिकटला. कोकिळाबाई लहान मुलीसारख्या हसल्या.

पुढच्या सभेच्या दिवशी घाटात ऊन मी म्हणत होतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. उत्तमरावांचे डोळे रस्त्यापेक्षा बॉनेटवरच जास्त.

"अहो, पुढं बघा!"

"वाफ नाही ना दिसत?"

"नाही हो. हाणा."

येस्टी मागं पडली. मोटार घाटमाथ्यावर आली तेव्हा कोकिळाबाईंचा पदर वाऱ्यावर फडफडत होता आणि त्यांना तो सावरावासाही वाटत नव्हता.

त्या परिषदेच्या दारात पोचल्या तर शिपाई अजून खुर्च्या पुसत होता.

"बाई, सभेले दीड तास हाय!"

"राहू दे. तोवर मी कागद वाचते," म्हणत त्या अगदी पुढच्या खुर्चीवर बसल्या. बाहेर मोटारीभोवती गर्दी जमली होती, आणि बॉनेट उघडून उत्तमराव दिसेल त्याला सांगत होते, "मोजा, मोजा! पुरी सहा हायेत. आमच्या कडूबाच्या हातची!"

शाळेचा विषय त्या दिवशी पहिलाच निघाला, आणि मंजूर झाला.