राबातली समाधी

महाडच्या ध्यानकेंद्रात पुढची गादी एकच होती आणि डोळा दोघांचा. एक शरच्चंद्र, रिटायर हेडमास्तर. दुसऱ्या विनीताताई, दातांच्या डॉक्टर. "मी-तू काही नसतं, सगळं एकच," असं दोघंही शिकवत आणि एकमेकांचं तोंडही बघत नसत. शेवटी पैज लागली. पोलादपूरजवळच्या कापडे गावात जायचं, उघड्यावर ध्यानाला बसायचं. जो आधी हलेल त्याने गादी विसरायची.

तिथल्या गोमाजी शेतकऱ्याच्या शेतात शेण, पालापाचोळा, गवत असं छान थापून ठेवलेलं. "निसर्गानेच आसन घातलंय!" म्हणत शरच्चंद्र मधोमध बसले. विनीताताई कडेला. शिष्य बांधावर, निकाल द्यायला.

तो होता गोमाजीचा राब. भात पेरायच्या आधी तण मरावं म्हणून जमीन भाजतात, तो.

शरच्चंद्र विश्वात विरघळतच होते, तेवढ्यात कानाशी आवाज आला, "सायेब, उठा. राब भाजायचा हाय."

विनीताताईंनी पढवून पाठवलाय! शरच्चंद्र ढिम्म.

"रंगू, मेला नाय ना गो ह्यो?" गोमाजीने बायकोला विचारलं.

"नाय वो. प्वाट बघा केवढं हालतंय."

पोट हललेलं धरत नाहीत, शरच्चंद्रांनी मनात बजावलं.

"सायेब, त्या बाई उठल्या बघा. शानी हाय बाई. तुमीबी उठा."

काय पोरकट युक्ती! शरच्चंद्रांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"ऱ्हाऊ दे," गोमाजी म्हणाला. "मी त्या टोकाला पेटवतो. चटका बसला की उठंल आपसूक."

थोड्या वेळाने शरच्चंद्रांना बुडाशी ऊब लागली. मूलाधार! जागा झाला एकदाचा! जन्मभर ज्याची वाट पाहिली ते तेज पाठीच्या कण्यातून वर चढू लागलं. धोतरातूनही.

बांधावर त्यांची शिष्या श्रुतिका हात जोडून रडत होती, "सरांभोवती धूर बघा, काय अधिकार!"

"कोणी हाक मारू नका हं," विनीताताई हळूच म्हणाल्या. "समाधी मोडेल."

मोडली ती किंकाळीने. रंगूबाईने शेणकाल्याची बादली नेमकी जागेवर ओतली म्हणून बरं. पोलादपूरच्या डॉक्टरांनी त्यांना पालथं घातलं आणि महिनाभर तसंच राहा म्हणाले.

निकाल विनीताताईंनीच मोठ्या मनाने जाहीर केला. "सर जिंकले. गादी त्यांचीच. बसता येईल तेव्हा बसतील, तोवर मी सांभाळते."

आता केंद्रात शरच्चंद्र मागे चटईवर पालथे असतात, हनुवटीखाली उशी. पुढे गादीवरून विनीताताई सांगतात, "वेदना आपली नसतेच." सगळे डोळे मिटतात.

पावसात गोमाजी मुद्दाम महाडला आला, तक्रार घेऊन.

"सायेब, तुमी बसलाव तेवढं भाजायचं ऱ्हायलं. भवती रोपं झकास हायत, मधी तुमच्या मापाचं नुसतं तण. पुढल्या साली बाईंना बसवा. त्या उठतात."