पॅनेलवरचा डाग

सना शहरातल्या आमच्या जुन्या गल्लीतली वीज युद्धात गेली ती परतीची वाटच विसरली. तेव्हापासून गच्च्यागच्च्यांवर सोलर पॅनेल. माझा भाचा जुब्रान याच्या गच्चीवरही आहेत, आणि त्यांच्यावर माझ्या बहिणीचा, तकिय्याचा, श्वास चालतो. तिची फुप्फुसं कधीच थकली. ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं की तिचे ओठ जांभळे होतात.

म्हणून जुब्रान रोज पहाटे, काच तापायच्या आत पॅनेल धुतो. तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जातो. टँकरचं पाणी तो जपून वापरतो, आणि फडकं पिळून उरलेलं कुंडीतल्या सब्जाला घालतो.

एके दिवशी सकाळी उन्हं चांगली वर आल्यावर तो माझ्याकडे आला. "मामा, एक डाग निघत नाहीये."

"व्हिनेगर लाव."

"लावलं. साबण झाला, वर्तमानपत्रानं घासून झालं. खाली मशीन टीटी करतंय."

मी गालात चघळत ठेवलेला गातच्या नशिल्या पाल्याचा गोळा एका बाजूला सारला आणि गुडघ्यांना शिव्या घालत जिना चढलो. काचेवर तिरका काळा पट्टा पडला होता. जुब्रान तो कोपरापासून जोर लावून घासत होता. मी दम खायला टेकलो. उठेपर्यंत पट्टा वीतभर सरकला होता.

"अरे गाढवा, हा डाग नाही. सावली आहे."

"कशाची?"

आता याला काय सांगणार? गल्लीपलीकडे हूरियाचं उंच घर होतं. बॉम्ब पडला आणि सगळे मजले एकावर एक बसले, हूरिया आणि तिच्या सुनांसकट. आता तिथे विटांचा ढीग आहे, त्यावर कुत्री झोपतात, आणि वर नुसतं आभाळ. तरी काचेवर तिच्या गच्चीच्या कठड्याची कड स्वच्छ उमटली होती. कडेला दोरी होती, दोरीवर कपडे होते, आणि ते फडफडत होते. त्या दिवशी वाऱ्याचं नाव नव्हतं.

जुब्राननं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "मामा, ही तुमची एखादी गोष्ट तर नाही ना?"

"माझी असती तर तिच्यात उंट असता."

तो हसला नाही. सावली रोज थोडी थोडी पुढे यायला लागली. बॅटरी अर्धीसुद्धा भरेना. संध्याकाळ झाली की तकिय्या उशांना टेकून बसायची आणि उजाडायची वाट बघायची, आणि जुब्रान तिच्या ओठांकडे बघत बसायचा.

शेवटी मला सुचलं ते मी विचारलं. "वर येताना हाक देतोस का?"

आमच्याकडे गच्ची बायकांची. पुरुषानं जिना चढताना 'अल्लाह, अल्लाह' अशी हाक देत यायचं, म्हणजे शेजारणी पदर सावरतात, नाहीतर आत जातात.

"कुणासाठी देऊ?" जुब्रान म्हणाला. "समोर दगड आहेत."

"दगड कपडे वाळत घालतात होय रे?"

तो गुपचूप जिना उतरला आणि हाक देत पुन्हा वर आला. आवाज मिसरूड फुटलेल्या पोरासारखा फाटला होता. काचेवर कपडे भराभर ओढले गेले. एक वाकलेलं डोकं कडेकडेनं निघून गेलं. दोरी रिकामी झाली.

भिंत मात्र तिथेच राहिली. आणि दोरीएवढ्या उन्हावर मशीन चालत नाही.

तकिय्यानं खालून सगळं ऐकलं होतं. "हूरिया ना?" ती धापा टाकत म्हणाली. "पुरुषाच्या हाकेला ती लपेल, हलायची नाही. तिच्याशी बाईनंच बोललं पाहिजे. मला वर न्या."

"आई, जिना किती आहे."

"मग इथे मरायला बरी जागा आहे वाटतं."

तिला वेताच्या खुर्चीत बसवून आम्ही वर नेलं. पायांकडची बाजू माझ्याकडे होती. कण्हत मी होतो, ती नव्हे. वर पोचल्यावर तिनं रिकाम्या आभाळाकडे तोंड केलं.

"हूरिया, अगं माझ्या उन्हात उभी आहेस. सरक की जरा. माझा खलबत्ता नेलास तो ठेव तुझ्याकडेच, मी मागत नाही."

सावली हलली. एक मजला मागे गेली, मग दुसरा. काच पांढरी लखलखली आणि खाली मशीनची टीटी थांबली. जुब्रान खाली बसला आणि आईच्या गुडघ्याचं चुंबन घेऊन रडला.

दुसऱ्या दिवशी तकिय्या म्हणाली, "मला वर न्या."

"आता कशाला गं?" मी म्हणालो.

"ती माझ्या शब्दाखातर सरकली, मुक्बिल. आता तिच्याशी बोलायचं नाही म्हणजे काय?"

मग ते रोजचंच झालं. ती नाकातली नळी काढून वर यायची, तासन् तास गप्पा मारायची, हसायची. खोकला गेला. ओठ लाल झाले. जुब्राननं आनंदानं गल्लीत मध घातलेली बिंत अस्सहन, आमची पदरापदरांची रोटी, वाटली. मी माझा तुकडा तसाच ठेवून दिला. भुताखेतांच्या गोष्टी सांगून लोकांना घाबरवण्यात माझा जन्म गेला, पण या हसण्याची मला भीती वाटत होती. ती बोलायची आणि मग थांबायची, समोरचं माणूस बोलतंय तितका वेळ. मग मान हलवून पुढे बोलायची.

एका सकाळी ऊन तिच्या पाठीशी होतं. जुब्रान शेवटचं पॅनेल कोरडं करत होता. त्याचा हात थांबला.

काचेच्या वरच्या कडेला कठडा परत आला होता, नुसती बारीक रेघ. रेघेवर दोन बायका टेकून बसल्या होत्या, डोक्याला डोकं लावून. त्यांतली एक थांबून थांबून मान हलवत होती.

मी फरशीकडे पाहिलं. खुर्चीचे पाय सावलीत उमटले होते, खुर्चीची पाठ उमटली होती, वेताची वीण न् वीण उमटली होती. तिच्या भोकांतून ऊन आरपार खाली आलं होतं. खुर्चीत कुणी बसलेलं नव्हतं, असं ती सावली सांगत होती.

"आई," जुब्रान म्हणाला, "चल ना खाली. बॅटरी भरलीय. मशीन चालू आहे."

"तू जा, बाळा. मला आता ते लागत नाही."

तिचे ओठ माझ्यासमोर हलले. आवाज गल्लीच्या पलीकडून आला.