पाचवं चाक आणि वीतभर जागा

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. स्टेपनी म्हणजे गाडीचं पाचवं चाक. चार चाकं रस्त्यावर पळतात आणि पाचवं डिकीच्या तळाशी, लोखंडी खड्ड्यात, अंधारात उताणं पडून राहतं. माझ्या अंगावरची नक्षी अजून जवळजवळ कोरी आहे. लोकांना वाटतं, काय हिची मजा, नुसती बसून खाते! एकदा इथे येऊन बसा म्हणावं.

कारखान्यात आम्ही पाच बहिणी एकाच साच्यातून निघालो. गाडीला चाकं बसवणाऱ्याने हाताला लागल्या तशा चौघी उचलल्या आणि मी उरले. बस्स, एवढ्यावर माझं आयुष्य ठरलं. त्याने मला खड्ड्यात ठेवलं, मधोमध स्क्रू आवळला आणि वर जाड सतरंजी अंथरली. पुढे त्या चौघी झिजल्या आणि त्यांच्या जागी नव्या आल्या. झिजायचं भाग्यसुद्धा माझ्या वाट्याला आलं नाही.

गाडी घेतली ती एका पॅकरने. काचेच्या भांड्यांच्या कारखान्यात तो खोकी भरायचा. पेल्यात कागद, पेल्यांच्या मधे पेंढा, कोपऱ्यात चिंध्या. "पोकळी राहिली की काच फुटली," हे त्याचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. गाडी मात्र त्याची बायको चालवायची. त्यांना एक मुलगी होती. सारखी चिवचिव करायची, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत.

एका उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाचं ठरलं. देशाच्या या टोकापासून थेट त्या टोकाच्या समुद्रापर्यंत! चिमणीची मावशी बोटीने परदेशी कामाला निघाली होती, ती काही वर्षांसाठी. तिनेच चिमणीच्या आईला लहानाचं मोठं केलं होतं. "जायच्या आधी एकदा डोळे भरून बघून घेते तिला," असं आई सारखी म्हणत होती. चिमणीने हट्ट धरला, की वाटेत डोंगर चढायचे आणि तंबूत झोपायचं. त्यालाही घर तयार झालं.

मग पॅकरने डिकी भरली. पातेल्यात मोजे, बुटात चमचे, चटयांच्या मधे काठ्या. सुई शिरायला जागा ठेवली नाही.

"अहो, स्टेपनीत हवा बघितलीत का?" आईने विचारलं.

"अगं, कधी लागली आहे का आपल्याला ती? आता सगळं नीट बसलंय, हलवू नकोस."

आणि डिकी धाडकन बंद झाली.

वाटेत प्रत्येक पंपावर हवा भरणारा माणूस चार चाकं बघायचा आणि विचारायचा, "पाचव्यात भरू का?"

पॅकर हसायचा. "राहू दे हो. तिच्यापर्यंत पोचायचं तर सगळं बिऱ्हाड रस्त्यावर मांडावं लागेल."

मी आतून ओरडत होते, अहो, मांडा की! माझ्या अंगातली हवा थोडी थोडी करून निघून चालली होती. पण खड्ड्यातल्या स्टेपनीचं ऐकतो कोण?

रोज संध्याकाळी डिकी उघडायची. तंबू, शेगडी, काठ्या, सगळे बाहेर जायचे. मी सतरंजीखाली पडून नुसते आवाज ऐकायचे. झऱ्याचं पाणी, पेटती लाकडं, चिमणीचं खिदळणं. सकाळी मंडळी परत यायची. काठ्यांना चिखल, शेगडीला धुराचा वास, आणि ओला तंबू तर माझ्याच अंगावर ठिबकायचा. वर शेखी मिरवायचा, "काय ते आभाळ होतं गं!" मला त्याचा असा राग यायचा! माझ्या वाट्याला आभाळ नाही, फक्त त्याचं पाणी.

मावशीची बोट सुटायची होती, त्याच दिवशी शेवटचा घाट उतरताना एक धारदार दगड आला. पुढचं डावं चाक फाटलं. गाडी कडेला थांबली. आली, माझी वेळ आली!

भराभर सामान रस्त्यावर आलं. सतरंजी उचलली गेली आणि उन्हाने माझे डोळे दिपले. पॅकरने मला बाहेर ओढलं, अंगठ्याने दाबलं, आणि त्याचा अंगठा आत गेला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत! शरमेने जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"बाबा, हिच्यात कधीच हवा भरली नाही का?" चिमणीने विचारलं. आई घड्याळ बघत राहिली.

रस्ता सुनसान होता. ऊन कलायला लागलं, तेव्हा कुठे एक भाजीचा टेम्पो आला. ड्रायव्हरकडे पंप होता. त्याने मला फुगवलं, पॅकरने मला बसवलं आणि आम्ही निघालो. मित्रांनो, मी पळाले! वळणं, पूल, खडी, डांबर, सगळं माझ्या अंगाखालून जात होतं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हेच होतं. आणि आत आई म्हणत होती, "गेली असेल हो ती." तिचा आवाज ऐकला आणि माझ्या आनंदाची मलाच लाज वाटली.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट समुद्रात दूर गेली होती. आई कठड्याशी उभी राहून हात हलवत राहिली. मावशीला तो दिसला की नाही, देव जाणे.

"चुकलं माझं," पॅकर म्हणाला.

"शेवटपर्यंत मान वळवून वाट बघत असेल ती," आई म्हणाली. ती त्याच्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या चाकाची दुरुस्ती झाली आणि मी पुन्हा खड्ड्यात गेले. स्क्रू आवळला गेला, सतरंजी आली. पण पॅकरने चाकू काढला आणि माझ्या हवा भरायच्या तोंडाच्या बरोबर वर सतरंजीला गोल भोक पाडलं. मग त्याने डिकी भरली.

"बाबा, इथे वीतभर पोकळी राहिली," चिमणी म्हणाली.

"राहू दे," तो म्हणाला. "ती हिची आहे."

आता पंप आला, की आई गाडी बंद करते आणि म्हणते, "पाचवं आधी." मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. त्या पोकळीतून एक हात कोपरापर्यंत आत येतो. मी अजून अंधारातच आहे, पण माझ्या अंगात हवा आहे.

मित्रांनो, तुमच्याही गाडीत माझी एखादी बहीण सामानाखाली दबून पडलेली असेल. पुढच्या पंपावर मोठ्यांना विचारा, "आणि पाचवं?" ते वैतागले तरी विचारा. तिकडे धक्क्यावर कुणीतरी वाट बघत असतं.