आयांच्या घराचं छप्पर

आमच्या राज्यजत्रेच्या, म्हणजे दर ऑगस्टला भरणाऱ्या शेतकी प्रदर्शनाच्या, मैदानात मेंढ्यांच्या गोठ्यामागे एक एवढंसं पांढरं घर आहे. दोन खोल्या, पुढे ओसरी, आत चार पाळणे आणि एक झुलती खुर्ची. त्याला सगळे आयांचं घर म्हणतात. माझ्या आजेसासूच्या पिढीतल्या शेतकरणींनी अंडी विकून साठवलेल्या पैशांतून ते बांधलं. ऑगस्टच्या उन्हात जत्रेतल्या डुकरांना सावली होती, पंखे होते, गार पाणी होतं, आणि अंगावर पाजणारी बाई मात्र ट्रकच्या चाकाआड तोंड फिरवून बसायची, म्हणून.

गेल्या वर्षी जत्रेत माझी लेक सोल्वी तीन आठवड्यांची होती. माझा नवरा कर्ट आपल्या लाडक्या डुकरिणीला साबण लावून स्पर्धेच्या रिंगणात नेत होता, तेव्हा मी त्या खुर्चीत होते. खुर्ची पुढे झुकली की कुरकुरायची, मागे गेली की गप्प. कर्टला त्याच्या आईनं तिच्यातच पाजलेलं. जत्रेला आलेल्या अर्ध्या राज्याला कुणी ना कुणी तिच्यातच पाजलेलं असणार, असं माझ्या सासूबाई आर्डिथ म्हणतात, आणि आर्डिथ सहसा वाढवून बोलत नाहीत.

त्या घराचं छप्पर या हिवाळ्यात खचलं. जत्रेच्या मंडळाचे अध्यक्ष डेल ब्रिंकहॉफ मोजपट्टी घेऊन येऊन गेले आणि आर्डिथना म्हणाले, "शनिवारपर्यंत छपराचे पैसे उभे राहिले तर उत्तम. नाहीतर सोमवारी घर पाडायला मशीन येईल. तिथे बिअरचा मांडव छान बसेल." डेल वाईट माणूस नाही. त्याला फक्त सपाट जागा आवडते.

म्हणून शनिवारी दुपारी डुकरांच्या मोठ्या गोठ्यात जेवण आणि लिलाव. डुकरं ऑगस्टपर्यंत येणार नव्हती. त्यांचा वास मात्र वर्षभर मुक्कामाला असतो. आम्ही जमीन दोनदा धुतली, भुसा पसरला, टेबलांवर कागद अंथरले. हॅम, चीज घालून भाजलेल्या बटाट्यांच्या परातीच्या पराती, गाजर घातलेली हिरवी जेली (ती कुणी खात नाही, पण नसली तर सगळे विचारतात), आणि फळांचं सारण भरून भाजलेले गोल पाय इतके की आर्डिथनी ते पिलांच्या कठड्यांवर फळ्या टाकून मांडले. तीनशे माणसं जेवली. मग ऑर्व्हिल स्टँगल गवताच्या गाडीवर चढला. लिलाव पुकारणारा आमच्या भागात एकच, आणि तो श्वास कधी घेतो ते अजून कुणाला कळलेलं नाही.

गोधड्या गेल्या. केक गेले. अर्धं डुक्कर गेलं. एक ट्रकभर शेणखत, घरपोच, यावरून दोन सख्खे भाऊ इतके पेटले की त्यांच्या म्हाताऱ्या आईनं दोघांना नावानं हाक मारून खाली बसवलं. टाळ्या, हशा, शिट्ट्या. आणि शेवटी आर्डिथनी पैशांची पेटी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि त्यांचे ओठ शिवल्यासारखे मिटले. अकराशे डॉलर कमी होते. विकायला काही उरलं नव्हतं.

त्या उठल्या, बाहेर गेल्या आणि ती झुलती खुर्ची कमरेवर घेऊन आल्या. पंचाहत्तरीची बाई!

"ही पण विका," त्या ऑर्व्हिलला म्हणाल्या.

मी ओरडलेच. "आर्डिथ! ती घरातली आहे!"

"घरच राहिलं नाही तर काय पावसात झुलवायची तिला?" असं म्हणून त्या फळांचे पाय कापायला निघून गेल्या, कारण त्यांना ते बघायचं नव्हतं.

मी विकलेल्या, पण अजून न नेलेल्या गोधड्यांच्या दोरीमागे बसून सोल्वीला पाजत होते. शेजारी लव्हॉन प्रुइट. लव्हॉनला अख्खा जिल्हा ओळखतो, कारण कोणतीही जुनी वस्तू हाती लागली की ती तिला निळाशार रंग देते आणि तिच्यात फुलझाडं लावते. तिच्या अंगणात टब आहेत, बूट आहेत, एक कमोडही आहे.

"लव्हॉन," मी म्हटलं, "माझे दोन्ही हात गुंतलेत. माझ्या नंबराची पाटी तू धर."

"कुठपर्यंत धरू?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

सुरुवातीला शहरातून आलेला जुन्या वस्तूंचा एक व्यापारी बोली लावत होता. चकचकीत बूट, बारीक मिशी. मिशीवाल्यानं आमची खुर्ची दुकानाच्या काचेत ठेवलेली मला दिसायलाच लागली. नव्वदपर्यंत तो होता हे मी दोरीवरून पाहिलं. मग सोल्वीनं दूध सोडलं, तिला उचकी लागली, आणि मी तिला खांद्यावर घेऊन थोपटण्यात गुंतले. पुढचं फक्त ऐकत होते.

"शंभर! मागून सव्वाशे! गोधड्यांपाशी दीडशे! मागून दोनशे!"

मागे म्हणजे कठड्यांपलीकडे. तिथे आमचे पुरुष उभे असतात, आणि आमचे पुरुष लिलावात हात वर करत नाहीत. हात वर केला तर शेजाऱ्याला कळेल ना, आपल्याला काय हवंय ते! ते टोपी जरा सरकवतात. कान खाजवतात. कर्टचे वडील तर म्हणे एका भुवईवर ट्रॅक्टर घेऊन आले होते. ते फक्त ऑर्व्हिलला दिसतं. बाकीच्यांना वाटतं, बोली हवेतून येते आहे. मला वाटलं, मिशीवालाच मागे जाऊन उभा राहिलाय.

"पाचशे! गोधड्यांपाशी साडेपाचशे!"

लव्हॉन माझ्याकडे वळून बघायची. मी मान हलवायची. आमच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्यात गाडीचे पैसे होते. ट्रकमध्ये सोल्वीची बाळांची सीट नीट बसत नाही, म्हणून आम्ही ती जन्मल्यापासून एका जुन्या मोठ्या गाडीसाठी साठवत होतो. मी मनात म्हटलं, अजून एक उन्हाळा ट्रक चालेल. कर्ट चिडेल, गप्प बसेल, मग डुकरांशी बोलेल, मग माझ्याशी. पण त्या मिशीवाल्याला खुर्ची? मेले तरी नाही!

"हजार! मंडळी, हजार! मागून अकराशे! गोधड्यांपाशी..."

"थांबू?" लव्हॉन कुजबुजली. तिच्या कपाळावर घाम होता.

"धर ग वर!"

"बाराशे! बाराशे एकवार, दोनवार..." हातोडी पडली. "विकली! मेरेन ट्वेटला!" म्हणजे मला.

गोठा दणाणला. लोक फळ्यांवर पाय आपटत होते, चमचे वाजत होते, डेलनं टोपी काढून आर्डिथकडे मान झुकवली. त्या हातात सुरी तशीच धरून उभ्या होत्या. छप्पर झालं होतं! सोल्वीची उचकीसुद्धा थांबली.

आणि मग ऑर्व्हिलनं डोळे पुसले.

"मंडळी," तो म्हणाला, "आयुष्यभर मी बोल्या पुकारल्या. पण आयांच्या घरासाठी नवरा-बायको आपसात बोली चढवतात, एकमेकांना हरवून जास्त द्यायला बघतात, हे मी आज पाहिलं. कर्ट, मेरेन, देव तुमचं भलं करो."

कठड्यामागून एक टोपी वर आली. टोपीखाली कर्ट होता.

"मेरेन?"

गोधड्या बाजूला करून मी बाहेर आले. "कर्ट?"

"तू होतीस? मला वाटलं लव्हॉन!"

"मी?" लव्हॉन म्हणाली. "मी कशाला घेऊ खुर्ची?"

"निळी करायला! फुलं लावायला!"

लव्हॉननं खुर्चीकडे नीट पाहिलं. "दिसली असती छान," ती म्हणाली, "पण तो विषय वेगळा."

हसू असं उसळलं की एक म्हातारा बाकावरून घसरला. मीही हसले. कर्टनं टोपीनं तोंड झाकलं. सगळ्यांत शेवटी हसू डेलला आलं आणि सगळ्यांत आधी थांबलंही त्याचंच.

"ऑर्व्हिल," तो खाकरून म्हणाला, "मला हे बोलायला आवडत नाही. पण नवरा-बायको म्हणजे बोलीला एकच माणूस. स्वतःवर स्वतः चढवता येत नाही. नियम आहे. दुसऱ्या कुणाची शेवटची बोली नव्वद. तिथून पुन्हा."

ऑर्व्हिलचा चेहरा पडला. नियम त्याला डेलपेक्षा चांगला माहीत होता. भरून आल्यामुळे विसरला होता बिचारा. गाडीचे पैसे वाचले, आणि छप्पर पुन्हा गेलं.

"बरं," ऑर्व्हिल म्हणाला. "नव्वद. शंभर कोण म्हणतं?"

कुणीच म्हटलं नाही.

"शंभर? पंच्याण्णव?"

वर तुळईवर कबुतरं घुमत होती, ती ऐकू यायला लागली. मिशीवाल्यानं आजूबाजूच्या तीनशे तोंडांकडे पाहिलं आणि आपली पाटी हळूच मांडीखाली सरकवली. आता सगळ्यांना माहीत होतं ना, खुर्ची मला हवी आहे! आणि आमच्याकडे शेजाऱ्याला एखादी वस्तू मनापासून हवी आहे हे एकदा कळलं की तिच्यावर बोली लावणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं. त्यातून शेजारीण लेकुरवाळी. तीनशे भली माणसं खिशात पैसे घेऊन माझ्याकडे प्रेमानं बघत गप्प बसली होती. नुसत्या मायेपोटी आयांचं घर पडणार होतं.

"मला नकोय ती खुर्ची!" मी ओरडले.

"असू दे, पोरी," मागून कुणीतरी म्हणालं. "शंभरावर घेऊन टाक."

आर्डिथ पुढच्या बाकावर बसल्या आणि हातातलं फडकं घडी करायला लागल्या. घडीवर घडी, घडीवर घडी. त्या बाईला मी कधी भर कामात बसलेली पाहिली नव्हती.

मी सोल्वीला घेऊन गवताच्या गाडीवर चढले. मला लोकांसमोर बोलता येत नाही. लग्नातसुद्धा माझी शपथ दुसऱ्या रांगेपलीकडे गेली नव्हती.

"शेजाऱ्याच्या वर बोली लावायची लाज वाटते ना?" मी म्हटलं. "मग नवऱ्याच्या वर लावा! बायकोच्या वर लावा! त्यात कसली लाज? घरी रोज करताच की! बायका गोधड्यांकडे, पुरुष कठड्यांकडे. दोन बादल्या. दोन्ही बादल्या छपराच्याच. खुर्ची जाते आयांच्या घरात, आणि जी बाजू हरेल..." इथे मी टेबलांकडे पाहिलं, तीनशे ताटं, बटाटे करपून चिकटलेल्या त्या पराती. "ती बाजू भांडी घासेल!"

मग लव्हॉन ताडकन उठली.

"पन्नास! डेल्बर्ट, तुझ्यावर!"

"साठ!" तिचा नवरा कठड्यामागून गरजला.

"कुठले साठ? पाकीट माझ्या पर्समध्ये आहे!"

त्यानंतर जे झालं ते ऑर्व्हिललाही पुकारता आलं नाही. बाया आपल्याच नवऱ्यांच्या कोटात हात घालून नोटा काढत होत्या आणि त्यांच्याच विरुद्ध टाकत होत्या. शेणखताचे दोघे भाऊ आता एका बाजूला होते आणि त्यांची आई समोर उभी राहून दोघांना एकटी पुरून उरत होती. "पुरुष पुढे! नाही, बायका! पुरुष!" मिशीवाल्यानं दहाची नोट पुरुषांच्या बादलीत टाकली. डेल मात्र मधोमध हाताची घडी घालून उभा.

"अध्यक्षांनी तटस्थ राहायचं असतं," तो म्हणाला.

"तटस्थ?" त्याची बायको फिलिस किंचाळली. "तीस वर्षं घरच्या भांड्यांच्या बाबतीतही तू तटस्थच आहेस!"

पुरुषसुद्धा कठड्यावर डोकं टेकून हसले. डेल कानापर्यंत लाल झाला, त्यानं पाकीट काढलं आणि अख्खं उपडं केलं पुरुषांच्या बादलीत. पुरुष तेवढ्याने पुढे गेले! आरोळ्या, टोप्या हवेत! आमच्या बाजूच्या पर्सा झटकून झाल्या होत्या. तेवढ्यात कर्ट कठडा ओलांडून, सगळ्यांच्या देखत, आमच्या बादलीपाशी आला आणि त्यानं खिशातलं होतं नव्हतं ते आत सोडलं.

"गद्दार!" पुरुष ओरडले.

"मला तशीही घासायचीच आहेत," कर्ट म्हणाला. "घरी सवय आहे."

हातोडी बायकांच्या बाजूनं पडली. दोन्ही बादल्या पेटीत रिकाम्या केल्या तेव्हा छप्पर झालं होतं, पन्हाळी झाली होती, आणि ओसरीच्या पायऱ्याही. डेलनं सगळ्यांसमोर सांगितलं की सोमवारी मशीन येणार नाही, सुतार येतील, आणि बिअरचा मांडव कुठेतरी दुसरीकडे उतारावर घालू. आर्डिथनी फडक्याच्या सगळ्या घड्या एका झटक्यात मोडल्या आणि ते त्याच्या खांद्यावर टाकलं.

मग आम्ही बायका रांगेत खुर्च्या मांडून बसलो, पाय पसरून, पुढ्यात फळांच्या पायच्या बशा घेऊन. राज्यजत्रा मंडळाचे अध्यक्ष फिलिसचा फुलाफुलांचा एप्रन बांधून कोपरापर्यंत फेसात होते. शेजारी मिशीवाला ताटं पुसत होता.

"कोपरा राहिला, डेल," आर्डिथ म्हणाल्या.

"दिसला, आर्डिथ."

"तो नाही, दुसरा."

भांडी संपली तशी कर्टनं खुर्ची डोक्यावर घेतली आणि आम्ही तिघं चिखलातून आयांच्या घराकडे निघालो. आत ओल आणि जुन्या लाकडाचा वास होता. छपराला भोक पडलं होतं तिथून उन्हाचा एक पट्टा सरळ जमिनीवर उतरला होता. कर्टनं खुर्ची त्याच्यात ठेवली. मी बसले. पुढे झुकले, ती कुरकुरली.

"तेल घालू का?" त्यानं विचारलं.

"खबरदार!"

तो माझ्या पायाशी जमिनीवर बसला, पाठ खुर्चीच्या पायाला लावून. त्याच्या हातांना साबणाचा वास येत होता. ऊन सोल्वीच्या तळपायावर आलं होतं आणि ती बोटं उघडून मिटून ते धरायला बघत होती. सोमवारी सुतार चढले की हा पट्टा बंद होणार होता, म्हणून आम्ही ऊन सरकेपर्यंत तिथेच बसून राहिलो.