गरज उरलेली नाही

आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ बसायचे. संसदेत कुणी खात्याला प्रश्न विचारला की उत्तर लिहायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना ‘उत्तरवाले’ म्हणायचे. वीस वर्षांत एक उत्तर खोटं लिहिलं नाही, ही त्यांची मिजास! खोटं लिहायचं कशाला? आधी आकडा सरळ करायचा, मग खरं लिहायचं.

या वेळचा प्रश्न होता, सरकारी दवाखान्यांत डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी वर्षाहून जास्त ताटकळलेले किती? होते चार हजारांवर. उत्तरवाल्यांनी शक्कल लढवली. सगळ्यांना पत्र धाडलं : ‘ऑपरेशनची गरज अजून आहे का, ते सात दिवसांत लेखी कळवा, नाहीतर नाव कमी होईल.’ तेही बारीक टाइपात. अहो, मोतीबिंदूच्या माणसांना! दीडशे जणांनी कळवलं, त्यांना लगोलग टेबलावर घेतलं. बाकीची नावं उडाली. यादी चकाचक.

त्यांची थोरली बहीण त्याच यादीत होती, तेरा महिने. आणखी उशीर केलात तर डोळे कायमचे जातील, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. पण तिच्यासाठी यांनी कुठे शब्द टाकला नव्हता. तत्त्वाचा माणूस ना! पत्राचं तिला सांगायचंही कामाच्या धबडग्यात राहून गेलं. प्रश्नाच्या दिवशी सकाळी आठवलं. त्यांनी फोन लावला.

“ताई, दवाखान्याचं पत्र आलंय का गं?”

“आलंय की, झाले पंधरा दिवस. मला मेलीला काय दिसतंय? तू आलास की वाचशील म्हणून ठेवून दिलंय.”

दुपारी ते सभागृहात मंत्र्यांच्या मागे, अधिकाऱ्यांच्या बाकावर बसले होते. मंत्री उठले आणि म्हणाले, वर्षाहून जास्त ताटकळलेला एकही रुग्ण नाही. बाकं वाजली. तेवढ्यात समोरून एक सभासद बाई उठल्या. “ज्यांची नावं कमी केली त्यांना ऑपरेशन नकोच होतं, असं मंत्रिमहोदय छातीठोकपणे सांगतील का?”

मंत्र्यांनी चिठ्ठीसाठी मागे हात केला. ‘तपासून सांगतो’ एवढं लिहिलं असतं तरी नावं परत लागली असती, ताईचंही लागलं असतं. उत्तरवाल्यांचं पेन अडलं. पण यादी उघडली असती तर पत्राची शक्कलही उघडी पडली असती, आणि पुढच्याच महिन्यात बढती होती. त्यांनी लिहिलं, ‘होय. त्यांना गरज उरलेली नाही.’ मंत्र्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. वीस वर्षांतलं पहिलं खोटं, आणि तेही सख्ख्या बहिणीवर!

संध्याकाळी ताईनं भिंतीला हात लावत येऊन दार उघडलं. चेहरा नुसता फुललेला. “रेडिओवर ऐकलं रे! वर्षावरचं कुणी उरलं नाही म्हणे. मला तर तेरा महिने झाले. म्हणजे माझा नंबर लागलाच की!”

त्यांनी बॅगेतून नवा अर्ज काढला, आजची तारीख टाकली.

“हा कशाला?”

“नियम आहे, ताई. इथे सही कर.” त्यांनी तिचं बोट रेघेवर नेऊन ठेवलं. तिनं चाचपडत सही केली, अर्धी कागदाबाहेर गेली.

“मग आता कधी रे?”

“वर्षाच्या आत. संसदेत सांगितलंय.”

“तोवर डोळे टिकतील ना?”

“टिकतील की.”

ताईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “तू खात्यात आहेस म्हणून बरं बाबा,” ती म्हणाली. “ज्यांचं कुणीच नाही त्यांनी काय करायचं?”