मातीचा बत्ताशा

शहराच्या जुन्या वेशीबाहेर, ओरछा गेटबाहेरच्या मांडवात नुसती झुंबड उडाली होती. मधुहर महाराज मंत्र पुटपुटत एकेकाच्या जिभेवर हिरवी गोळी ठेवत, ती चघळून झाली की हातावर बत्ताशा देत. बत्ताशा तोंडात टाकला की जो तो ओरडे, "मिट्टी! बिलकुल मिट्टी!"

"शक्कर का भूत भाग गया!" महाराज गरजत. "अब सुई फेंक दो!"

समोर घमेलंच ठेवलं होतं. लोक त्यात खुशाल इन्सुलिन टाकत होते.

सरलाबाईंनी कुतूहल म्हणून गोळी चघळली. बत्ताशा खडूसारखा लागला, त्या चाटच पडल्या. तेवढ्यात शेजारी गोळी चघळून झालेले त्यांचे मधुमेही यजमान दामोदरराव म्हणाले, "चला, सुटलो! आजपासून इन्सुलिन बंद. घरी पुरणपोळी आहेच, दोन हाणतो!"

सरलाबाईंनी त्यांना परोपरीने अडवलं. मागे इन्सुलिन चुकलं तेव्हा हे थेट आयसीयूत पोचले होते!

पण ऐकतो कोण? रिक्षाने दतिया गेटजवळच्या घरी येताच नैवेद्य दाखवून पानं वाढली. पहिल्याच घासाला दामोदररावांनी तोंड वाकडं केलं. "अगं, गूळ विसरलीस?"

सरलाबाईंनी घास घेतला. नुसता डाळीचा गोळा! नैवेद्याआधी चव बघायची नाही, ही या घरची जुनी रीत. त्यांना रडूच फुटलं. "अगंबाई! देवाला बिनगुळाचं पुरण दाखवलं की हो मी! पण वास तर येतोय, गुळाचा, जायफळाचा..."

कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सुनेने, चारुताने, तुकडा मोडला. "आई, गूळ उलट जास्तच झालाय. तुम्ही दोघं काय खाऊन आलात?"

गोळीचं ऐकून ती खो खो हसली. "गुडमारचा पाला तो! मानिक चौकात पंसाऱ्याकडे, जडीबुटीच्या दुकानात, हवा तेवढा मिळतो. जीभ गोड ओळखते ना, तेवढंच तो थोडा वेळ अडवतो. वास घेतं नाक, म्हणून जायफळ कळलं. आणि बाबा, गूळ पोटात जाऊन रक्तात चढणारच. रक्ताला काय कळतंय जिभेला काय लागलं ते?"

"पण महाराजांचा मंत्र..." दामोदरराव म्हणाले.

"मग बसा थोडं. पाल्याचा अंमल उतरू दे."

तासाभराने तीच पोळी दोघांना गोड लागली. "भूत परत आलं वाटतं," सरलाबाई म्हणाल्या. चारुताने सासऱ्यांचं बोट टोचून रक्तातली साखर मोजली. आकडा बघून दामोदररावांचा चेहरा उतरला.

"फ्रिजमधलं इन्सुलिन आण गं," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरलाबाई पाला घेऊन मांडवाच्या रांगेत उभ्या. बायकांना पानं चघळायला दिली आणि मंत्राऐवजी खणखणीत आवाजात म्हटलं, "बे एके बे, बे दुणे चार!" मग साखर दिली.

"हाय राम, मिट्टी!" बायका किंचाळल्या.

"देखा? हमारा तो पहाड़ा भी चलता है!" सरलाबाई म्हणाल्या. "धोखा जीभ ने खाया है, बहनजी, बीमारी ने नहीं. खून की जाँच कराओ, डॉक्टर से पूछो. सुई मत फेंको!"

घमेल्याकडे निघालेल्या एका म्हातारीने हातातलं इन्सुलिन पुन्हा पिशवीत ठेवलं आणि ती घरची वाट चालू लागली.